टीएमडी खरंच काम करतोय का? चार चॅनेलमध्ये काय कळतं आणि काय नाही

लोलक (धागाकर्ता)

उंच इमारतीच्या माथ्यावर ट्यून्ड मास डँपर (पुढे टीएमडी: इमारतीचं झुलणं कमी करायला तिच्याच लयीत झुलणारं जड वस्तुमान) बसवलेला आहे, त्यावर कायमची देखरेख हवी आहे आणि हाताशी फक्त चार चॅनेलचा लॉगर (चार सेन्सरच्या नोंदी साठवणारं यंत्र) आहे, असं धरून हा धागा काढतोय. चर्चेला एक नमुना इमारत घेऊ. उंची २०० मीटर, पहिला दोलनकाळ ५ सेकंद (०.२ हर्ट्झ), दोरांना टांगलेलं ३०० टनांचं वस्तुमान. पहिल्या मोडच्या (इमारतीच्या सगळ्यात संथ झुलण्याच्या प्रकाराच्या) वस्तुमानाच्या हे १ टक्का भरतं.

चार सेन्सर मिळाले की ते तळ, मध्य, पाऊण उंची आणि गच्ची असे वाटून टाकायची सवय आहे. मोडचे आकार छान येतात, पण डँपरबद्दल त्यातून फारच थोडं हाती लागतं. माझ्या मते पहिले दोन चॅनेल डँपरपाशीच जायला हवेत. एक वस्तुमानावर, दुसरा ते ज्या मजल्याला टांगलंय तिथे.

कारण असं. वारा इमारतीला ढकलतो, आतल्या वस्तुमानाला नाही. वस्तुमान हलतं ते फक्त मजला हलतो म्हणून. म्हणजे मजल्याची हालचाल इनपुट आणि वस्तुमानाची मजल्याच्या सापेक्ष हालचाल आउटपुट धरली, की त्यांच्या ट्रान्सफर फंक्शनमध्ये (प्रत्येक वारंवारतेला आउटपुट इनपुटच्या किती पट आणि किती मागे, यात) दोनच गोष्टी उरतात: डँपरची स्वतःची वारंवारता आणि स्वतःचं अवमंदन (हालचाल विझवण्याची क्षमता). वारा कुठून आला, इमारत किती भरलेली आहे, तिची वारंवारता ऋतूनुसार किती सरकली, यातलं काही मध्ये येत नाही.

आकड्यांत सांगायचं तर डँपरच्या वारंवारतेवर सापेक्ष हालचाल मजल्याच्या मागे बरोबर ९० अंश असते, आणि तिचा गुणक म्हणजे १ भागिले अवमंदनाची दुप्पट. टीएमडीच्या रचनेसाठीच्या डेन हार्टॉगच्या सूत्राने १ टक्का वस्तुमानाला इष्टतम अवमंदन सुमारे ६ टक्के येतं, म्हणजे गुणक ८ च्या आसपास हवा. तो २० दिसला तर अवमंदन अडीच टक्क्यांवर उतरलंय, वस्तुमानाला जोडलेले तेलाचे डँपर (हालचाल विझवणारे सिलिंडर) तपासा. शून्याकडे गेला तर वस्तुमान अडकलंय. गुणक ठीक पण ९० अंशांची जागा ०.२ वरून ०.१९ वर गेली असेल तर ट्यूनिंग हललंय.

उरलेले दोन चॅनेल कुठे लावावेत, यावर मतं हवी आहेत.

कंपनवेध

मांडणी पटली. एक भर घालतो. अनेक ठिकाणी गच्चीवर त्वरण मोजणारा एकच अ‍ॅक्सेलरोमीटर असतो आणि वस्तुमानापर्यंत केबल नेता येत नाही. तरी निदान काही अंशी करता येतं.

डँपर नीट चालत असेल तर कोणत्या वारंवारतेला किती हालचाल आहे याच्या आलेखात ०.२ हर्ट्झला एक टोकदार शिखर दिसतच नाही. इमारत आणि डँपर मिळून दोन मोड होतात, साधारण ०.१९ आणि ०.२१ वर, आणि दोन्हींचं अवमंदन तीन-साडेतीन टक्के असल्याने ते एकमेकांत मिसळून रुंद, बसकट उंचवटा दिसतो. वस्तुमान अडकलं की त्या जागी एकच सुईसारखं शिखर उभं राहतं आणि अवमंदन इमारतीच्या मूळच्या १ टक्क्याच्या आसपास येतं. डँपरचं तेल गेलं आणि वस्तुमान मोकळं असेल तर दोन वेगळी, टोकदार शिखरं आणि मध्ये खड्डा. हे तीन आकार डोळ्यांनीही ओळखता येतात.

फसगत होते ती खिडकीच्या, म्हणजे एका वेळी हिशोबात घेतलेल्या नोंदीच्या तुकड्याच्या, लांबीत. ०.२ हर्ट्झ आणि १ टक्का अवमंदन म्हणजे शिखराची अर्ध-शक्ती रुंदी (निम्म्या उंचीवरची रुंदी) फक्त ०.००४ हर्ट्झ. दहा-दहा मिनिटांचे तुकडे हॅन विंडो (तुकड्याची टोकं हळूहळू शून्यावर आणणारा गुणक) लावून घेतले तर आलेखाची प्रभावी बँडविड्थ (वारंवारतेचा किती बारीक फरक दिसतो) ०.००२५ हर्ट्झ होते. शिखर तेरा टक्क्यांच्या आसपास बुटकं दिसतं, रुंद दिसतं, आणि अडकलेला डँपरही 'काहीतरी काम करतोय' असं वाटू लागतं. अर्ध्या तासाचे तुकडे घ्या, चूक दीड टक्क्याच्या आत येते. असे वीस तुकडे सरासरीला हवेत, म्हणजे दहा तास वारा साधारण एकसारखा वाहणारी नोंद शोधावी लागते. प्रोग्रॅममध्ये आधीपासून असलेली तुकड्याची लांबी तशीच ठेवू नका, ती बहुधा कारखान्यातल्या यंत्रांच्या हिशोबाने ठरवलेली असते.

स्थिरपद

लोलक, एक अडचण. टांगलेलं वस्तुमान दोन्ही दिशांना हलतं आणि इमारतीची क्ष आणि य दिशेची वारंवारता सहसा वेगळी असते. मग वस्तुमानाचे दोन आणि मजल्याचे दोन, चारही चॅनेल तिथेच संपले. पिळाच्या मोडचं (इमारत उभ्या अक्षाभोवती वळते त्याचं) काय? माथ्यावर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत य दिशेचे दोन आणि क्ष दिशेचा एक, असे किमान तीन चॅनेल असल्याशिवाय पिळाचा मोड वेगळा काढता येत नाही.

लोलक (धागाकर्ता)

स्थिरपद, बरोबर आहे, उरलेले दोन चॅनेल दुसऱ्या दिशेलाच जातात. पिळाचा मोड सोडून द्यावा लागतो. हा टांगलेला टीएमडी पिळावर काम करतच नाही, तेव्हा डँपरच्या देखरेखीसाठी ती माहिती दुय्यम. इमारत नवीन असताना एकदा आठवडाभर भाड्याच्या आठ-दहा सेन्सरनी पूर्ण मोजणी करून मोडचे आकार आणि वारंवारता नोंदवून ठेवाव्यात, आणि कायमची देखरेख चार चॅनेलवर चालवावी. मोडचे आकार वर्षानुवर्षं फारसे बदलत नाहीत. डँपर बदलतो.

सूक्ष्मनाद

सेन्सर कुठला आणि कसा बसवायचा, यात सगळ्यात जास्त चुका होतात.

पहिली गोष्ट, वस्तुमान कसं टांगलंय ते आधी बघा. चार किंवा अधिक समांतर दोरांनी टांगलं असेल तर ते हलताना सपाट राहतं आणि त्यावरचा अ‍ॅक्सेलरोमीटर खरं त्वरण देतो. पण एकाच ताठ दांड्याला टांगलेलं वस्तुमान दांड्याबरोबर कलतं, आणि मग सेन्सर जवळजवळ काहीच दाखवत नाही. कलल्यामुळे आलेला गुरुत्वाकर्षणाचा घटक हालचालीचं त्वरण खाऊन टाकतो. वस्तुमान वीतभर झुलत असतानाही आलेख सपाट. उरतो तो फक्त तेलाच्या डँपरने लावलेल्या बलाचा भाग. हे माहीत नसेल तर चालू डँपर 'बंद' म्हणून नोंदला जातो. अशा रचनेत विस्थापन मोजणारा सेन्सरच लावा, तारेचा किंवा लेझरचा.

तारेचा सेन्सर सापेक्ष हालचाल थेट देतो, वजाबाकी करावी लागत नाही. फक्त तार लांब ठेवा. २ मीटर तार असताना वस्तुमान आडव्या दिशेला २० सेंटिमीटर गेलं तर तार १० मिलिमीटर जादा ओढली जाते आणि ती हालचाल चुकीच्या दिशेत नोंदली जाते. ही चूक आडव्या हालचालीच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून वादळात जास्त दिसते आणि नेमक्या दुप्पट वारंवारतेवर येते. ०.४ हर्ट्झला अचानक शिखर दिसलं तर आधी तारेकडे बघा.

दुसरी गोष्ट, घड्याळ. वस्तुमानावर एक लॉगर आणि मजल्यावर दुसरा, असं करू नका. लॉगरच्या घड्याळातलं साधं क्रिस्टल २० पीपीएमने (दशलक्षात २० भागांनी) चुकलं तर दिवसाला १.७ सेकंद फरक पडतो, आणि ५ सेकंदांच्या दोलनात तो १२४ अंश होतो. ज्या फेजवर (दोन हालचालींतल्या अंशांच्या फरकावर) सगळं निदान उभं आहे तीच हातची जाते. एकाच लॉगरवर सगळे चॅनेल घ्या किंवा उपग्रहाच्या वेळेला बांधा. १० मिलिसेकंदांची चूक इथे ०.७ अंश होते, तेवढी चालते.

तिसरी गोष्ट, सेन्सरचा स्वतःचा आवाज, म्हणजे नोंदीत मिसळणारा विद्युत गोंधळ. सुमारे २५ मायक्रो-जी (जी म्हणजे गुरुत्वत्वरण) प्रति वर्गमूळ हर्ट्झ आवाजाचे चांगले मेम्स (चिपवरचे सूक्ष्म) सेन्सर मिळतात. ०.०१ हर्ट्झच्या पट्ट्यात तो आवाज अडीच मायक्रो-जी होतो. वारा असताना माथ्यावर मिली-जीमध्ये हालचाल असते, तेव्हा कागदावर हे पुरतं. पण माहितीपत्रकातला आकडा बहुधा जास्त वारंवारतेचा असतो, ०.२ हर्ट्झच्या खाली आवाज वाढत जातो. मजल्यावरचा सेन्सर शक्य असेल तर फोर्स-बॅलन्स प्रकारचा (कमी आवाजाचा) घ्या, वस्तुमानावर मेम्स चालेल, कारण तिथे हालचाल कित्येक पट मोठी असते.

नमुना दर २० हर्ट्झ भरपूर झाला, मात्र अँटी-अलायझिंग फिल्टर हवाच, नाहीतर लिफ्टच्या मोटरचा गुणगुणाट खालच्या वारंवारतेत येऊन बसतो. चार चॅनेल, ३२ बिट, २० हर्ट्झ म्हणजे दिवसाला २८ एमबी, वर्षाला १० जीबी. तेव्हा फक्त 'घटना' साठवायचा मोह टाळा, सगळा कच्चा डेटा ठेवा.

तोलकाटा

सूक्ष्मनाद यांनी कलण्याचा मुद्दा वस्तुमानाबाबत मांडला, तोच थोड्या प्रमाणात मजल्यालाही लागू आहे. १ मिलीरेडियन कल म्हणजे १ मिली-जीचं खोटं त्वरण. इमारत झुलताना माथ्याचा मजला किंचित कलतोच. मोडचा आकार सरळ रेषा धरला तर २०० मीटर उंची आणि ०.२ हर्ट्झला ही भेसळ साधारण ३ टक्के होते. टीएमडीच्या निदानाला एवढी चालते, रहिवाशांच्या आरामाच्या मर्यादेशी तुलना करताना मात्र लक्षात ठेवावी. सेन्सर पोकळ फरशीवर किंवा केबल ट्रेवर बसवलाय का, हेही तपासा. काँक्रीटवर घट्ट बोल्ट केलेली जाड पाटी हवी.

माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. शांत हवेत वस्तुमान हलत नाही म्हणून बिघाडाचा इशारा देणारी यंत्रणा लोक बनवतात. घर्षण विसरलं जातं. ३०० टनांच्या वस्तुमानाला डँपरचे सील, मार्गदर्शक पट्ट्या, जोडांतल्या पिना यांचं मिळून ३ किलोन्यूटन घर्षण असू शकतं, म्हणजे वजनाच्या फक्त एक हजारांश. पण ३,००० न्यूटन भागिले ३,००,००० किलो म्हणजे ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग, जवळपास १ मिली-जी. मजल्याचं त्वरण त्याच्या खाली असेपर्यंत वस्तुमान मजल्याबरोबर चिकटूनच हलणार. तो दोष नाही.

म्हणून ट्रान्सफर फंक्शन सरसकट काढू नका. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदी मजल्याच्या आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) त्वरणानुसार गटांत टाका (उदाहरणार्थ ०.२ ते ०.५, ०.५ ते १, १ ते २ मिली-जी आणि त्यावर) आणि प्रत्येक गटाची तुलना फक्त त्याच गटाच्या जुन्या नोंदींशी करा. वाऱ्याच्या वेगानुसार गट करू नका, गच्चीवरचा वेगमापक इमारतीनेच वळवलेला वारा मोजत असतो. या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. वस्तुमान कितव्या गटात मोकळं होतं ते दिसतं. तो उंबरठा दरवर्षी वर सरकत असेल तर सील सुकताहेत किंवा पट्ट्या गंजताहेत. माझ्या मते हा सगळ्यात लवकर मिळणारा इशारा आहे, गुणक बदलण्याच्या खूप आधी येतो.

कंपनवेध

तोलकाटा, सहमत. यालाच जोडून. तेलाचे डँपर नेहमी रेषीय नसतात. बल वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढणारा डँपर असेल तर मापलेलं अवमंदन हालचालीबरोबर वाढतं, वेगाचा घातांक १ पेक्षा कमी असेल तर घटतं. गट न करता सरासरी काढली तर ज्या वर्षी वादळं कमी त्या वर्षी डँपर 'बदलला' असं दिसेल.

तापमानही नोंदवा. सिलिकॉन तेलाची घनता फारशी बदलत नाही पण चिकटपणा बदलतो: ३८ अंशांवरून ९९ अंशांवर गेलं तर तो सुमारे ४० टक्क्यांवर येतो. डँपरच्या सिलिंडरला चिकटवलेलं एक साधं थर्मोकपल पुरे, मिनिटाला एक नोंद. ते वेगवान चॅनेलमध्ये धरायची गरज नाही.

पाणसाठा

धागा टांगलेल्या वस्तुमानावर आहे, पण बऱ्याच इमारतींत वस्तुमानाच्या जागी पाण्याची टाकी असते, तेव्हा थोडं त्याबद्दल. टाकीत पाणी हेलकावून अवमंदन करणाऱ्या प्रकारात वारंवारता टाकीची लांबी आणि पाण्याची खोली यावर ठरते. ८ मीटर लांब टाकीत १.२ मीटर पाणी असेल तर ०.२०७ हर्ट्झ. बाष्पीभवनाने ते १० सेंटिमीटर उतरलं की ०.१९९, म्हणजे पावणेचार टक्के खाली. १ टक्का वस्तुमानाच्या डँपरला ५ टक्के चूक म्हणजे निम्मं काम गेलं समजा. त्यामुळे पाण्याच्या टाकीवर पहिला पैसा अ‍ॅक्सेलरोमीटरवर न घालता तळाशी दाबावर चालणाऱ्या पातळी-सेन्सरवर घाला. तोच सेन्सर १० हर्ट्झने वाचला तर हेलकावेही मोजतो, पण टाकीच्या टोकाच्या भिंतीजवळ बसवा. मध्यभागी पहिल्या हेलकाव्याचा निश्चल बिंदू असतो आणि तिथे पातळी हलतच नाही.

यू आकाराच्या नळीचा प्रकार वेगळा वागतो. तिथे वारंवारता पाण्याच्या एकूण स्तंभाच्या लांबीवर अवलंबून असते. ०.२ हर्ट्झला १२.४ मीटर स्तंभ लागतो आणि दोन्ही बाजूंची पातळी १० सेंटिमीटर उतरली तर वारंवारता जेमतेम ०.८ टक्के वाढते. उलट दिशेला आणि किरकोळ. टाकीत मात्र हेलकावे विझवायला लावलेल्या जाळ्यांवर शेवाळ धरलं की अवमंदन वाढून हेलकावे मंदावतात. पातळी बरोबर, हेलकावे कमी, असं दिसलं की जाळ्या धुवायला घ्या.

स्थिरपद

ज्यांच्याकडे टीएमडी नाही, मजल्यामजल्यांत तिरप्या ब्रेसिंगमध्ये तेलाचे डँपर आहेत, त्यांची अडचण जास्त मोठी. शंभर-सव्वाशे डँपर आणि चार चॅनेल.

सगळ्यांवर थोडं थोडं लक्ष ठेवायचा प्रयत्न सोडून द्या. दोन डँपर निवडा, एक सगळ्यात जास्त मजली सरक (खालच्या मजल्याच्या तुलनेत वरचा किती सरकतो ते) असलेल्या मजल्यावर, दुसरा मध्यम सरकेच्या. प्रत्येकावर दोन चॅनेल: सिलिंडर आणि रॉड यांच्यातलं विस्थापन, आणि ब्रेसवर पूर्ण ब्रिजचे स्ट्रेनगेज (ताण मोजणाऱ्या पट्ट्या), म्हणजे बल. दोन्ही एकमेकांविरुद्ध काढले की वळसा मिळतो. वळशाचं क्षेत्रफळ म्हणजे दर फेऱ्याला खपलेली ऊर्जा, आणि त्याच्या आकारात दोष सरळ दिसतो. तेल कमी झालं असेल तर रॉड दिशा बदलताच बल लगेच चढत नाही, वळशाच्या टोकांना कमरेसारखा चिमटा पडतो.

इथे पिनांची ढिलाई फार महत्त्वाची. मजल्याची उंची साडेतीन मीटर आणि सरक २,००० त १ धरली तर पावणेदोन मिलिमीटर. ६ मीटर रुंद चौकटीत तिरप्या ब्रेसच्या दिशेने दीड मिलिमीटर, दोन्ही बाजूंचा मिळून ३. पिनेत एकूण अर्धा मिलिमीटर मोकळीक असेल तर सहावा हिस्सा तिथेच गेला. वाऱ्याने होणारी हालचाल चौथाईवर आली की पाऊण मिलिमीटरमधला अर्धा मिलिमीटर गेला, म्हणजे डँपर जवळपास निजलेलाच. म्हणून विस्थापन ब्रॅकेट ते ब्रॅकेट मोजू नका, सिलिंडर ते रॉड मोजा. ब्रॅकेटवर मोजलं तर डँपर छान हलतोय असं दिसतं आणि प्रत्यक्षात फक्त पिना खुळखुळत असतात.

बाकीच्या डँपरांच्या रॉडवर घट्ट बसणारी रबरी कडी सरकवून ठेवा. सर्वांत मोठ्या हालचालीइतकी ती ढकलली जाते आणि तिथेच थांबते. वीज नाही, केबल नाही. वादळानंतर एक माणूस टॉर्च आणि मोजपट्टी घेऊन सगळे मजले फिरला की सव्वाशे आकडे हाती. त्याच फेरीत रॉडवर तेलाची चमक आहे का ते बोटाने पुसून बघावं.

सूक्ष्मनाद

सगळ्यांना एक विनंती. कंपनांशिवाय दोन-तीन साध्या स्थिती नक्की नोंदवा: देखभालीची अडकवण-पिन लावली आहे की काढली आहे (एक लिमिट स्विच), आणि तेलाच्या पातळ थरावर सरकणारं वस्तुमान असेल तर पंप चालू आहे का. न्यू यॉर्कच्या सिटीकॉर्प इमारतीतला सुमारे ४०० टनांचा काँक्रीटचा ठोकळा अशाच तेलाच्या थरावर सरकतो, म्हणजे वीज गेली की डँपर गेला. देखभालीनंतर पिन काढायची राहून जाणं हा डँपर 'बिघडण्याचा' अगदी साधा प्रकार आहे आणि स्विचशिवाय तो पुढच्या वादळातच कळतो.

वस्तुमानाची कमाल हालचाल वेगळी नोंदवा. तैपेई १०१ मधला ६६० टनांचा गोळा ऑगस्ट २०१५ च्या सौदेलोर वादळात मध्यापासून १ मीटर सरकला. अशा वेळी प्रश्न अवमंदनाचा नसतो, बफरपर्यंत (हालचाल थांबवणाऱ्या अडथळ्यापर्यंत) किती जागा उरली हा असतो. तारेच्या सेन्सरची पट्टी बफरच्या पुढेही थोडी असू द्या, नाहीतर ऐन मोक्याच्या नोंदीत आलेख वर कापलेला मिळतो.

तोलकाटा

शेवटचं, बसवल्यावर हाताने तपासण्याबद्दल. शांत हवेत तीन-चार माणसांनी ठेक्यात ढकलून ३०० टनांचं वस्तुमान काही मिलिमीटर हलवता येतं, अर्थात घर्षण कमी असेल तर. मग हात काढून नोंद घेतात आणि लागोपाठच्या शिखरांच्या उतरणीवरून अवमंदन काढतात. इथेच चूक होते. डँपर एकटा झुलत नसतो, इमारतही त्याच्याबरोबर हलू लागते, आणि नोंदीत ०.१९ आणि ०.२१ च्या मोडांचा ठोका (हालचाल आळीपाळीने घटत-वाढत राहणं) येतो. पहिल्या दोन-तीन शिखरांवरून अवमंदन खूप जास्त दिसेल, कारण ऊर्जा खपत नसून इमारतीकडे जात असते.

ढकलतानाही तसंच. नेमक्या ०.२ हर्ट्झच्या ठेक्यावर वस्तुमान हटवादीपणे कमी हलतं, इमारत त्यालाच उलट अडवते. ठेका पावणेपाच किंवा सव्वापाच सेकंदांचा ठेवा, हालचाल चांगली वाढते.

आणि हिशोब लोलक यांनी वर सांगितलेल्या नात्यानेच करा. हात काढल्यानंतर वस्तुमानावर बाहेरचं बल उरत नाही, तेव्हा प्रत्येक क्षणी सापेक्ष त्वरण, सापेक्ष वेग आणि सापेक्ष विस्थापन यांची बेरीज (योग्य गुणकांसह) उणे मजल्याचं त्वरण इतकी यायला हवी. लीस्ट स्क्वेअर्सने (चुकांच्या वर्गांची बेरीज किमान ठेवून) ते दोन गुणक काढले की एकातून वारंवारता मिळते, दुसऱ्यातून अवमंदन. हात लागलेला असतानाचा डेटा मात्र आधी कापून टाका, पहिली पाच सेकंद जास्तच कापा.

लोलक (धागाकर्ता)

तोलकाटा, हे जमेल. म्हणजे या चाचणीलाही तेच चार चॅनेल पुरतात, फक्त हात कधी काढले याची खूण म्हणून वस्तुमानावर एक बटण लावायला हवं. ते लॉगरच्या डिजिटल इनपुटला जोडतो. घर्षणाच्या उंबरठ्याचे गट ठरवताना ०.५ मिली-जीच्या खाली दोन गट ठेवतोय, एका वर्षाच्या नोंदी झाल्या की आकडे याच धाग्यात टाकेन.